घरगुती कामासाठी स्वस्त लिनक्स डेस्कटॉप कसा घ्यावा

विंडोज १०ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण ८व्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. या अटींत न बसणारी, पण तब्येतीने ठणठणीत असलेली ऑफिसांतली मशीन त्यामुळे वापरलेल्या संगणकांच्या बाजारात येत राहिली आहेत. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी संगणकावर घालता येणारी मोफत सिस्टीम, आणि तिला यातली एकही अट लागू नाही. कमी पैशात घरासाठी डेस्कटॉप हवा असेल, तर सध्या पारडं खरेदी करणाऱ्याच्या बाजूने झुकलेलं आहे.

मात्र ‘लिनक्स हलकं असतं, त्याला कसलंही मशीन चालतं’ या वाक्यावर विसंबून खरेदी करू नका. लिनक्स हलकं असतं हे खरंच. सुटसुटीत डेस्कटॉप (म्हणजे पडद्यावरची मेन्यू-खिडक्यांची मांडणी) असेल तर सुरू झाल्यावर ते १ जीबीच्या आसपास रॅम घेतं आणि गप्प बसतं. पण घरातल्या संगणकावर दिवसभर चालतो तो ब्राउझर, आणि तो लिनक्सवरही तेवढाच खादाड असतो. बँकेचं पान, मेल, दोन-चार बातम्यांची पानं आणि एक व्हिडिओ एवढं उघडलं की मशीनचा खरा कस लागतो. त्यामुळे मशीन निवडताना डोळ्यांसमोर ब्राउझर ठेवायचा. पुढे जे जे सांगितलं आहे ते याच हिशेबाने.

आधी कामांची यादी

घरात जे कोणी हा संगणक वापरणार आहेत त्या सगळ्यांना विचारून कामं कागदावर लिहा. मेल, व्हिडिओ, बिलं भरणं, पत्रं-अर्ज लिहिणं, मुलांचा अभ्यास, फोटो साठवणं, व्हिडिओ कॉल ही सगळी कामं लिनक्सवर विनातक्रार होतात. अडचण येते ती यादीच्या तळाशी राहिलेल्या, वर्षातून चार वेळा लागणाऱ्या गोष्टींची. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, हिशेबाचं एखादं ठरावीक सॉफ्टवेअर, ऑनलाइन परीक्षेत विद्यार्थ्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम, फोटोशॉप: यांतलं बरंचसं फक्त विंडोज किंवा मॅकसाठी असतं. टोकनांच्या बाबतीत काही कंपन्या लिनक्सचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) देतात, काही देत नाहीत. आपल्याकडच्या टोकनाचं नाव आणि मॉडेल बघून आधीच खात्री करून घ्या.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्सवर नाही, ब्राउझरमधली चालते. लिबरऑफिस वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडतं, साध्या पत्राला आणि तक्त्याला ते पुरून उरतं. पण मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेल फाइल किंवा मांडणीत खूप कसरत केलेला वर्डचा दस्तऐवज त्यात थोडा हलू शकतो. ऑफिसच्या कामासाठी अशा फाइलींची रोज देवाणघेवाण होत असेल, तर त्यांतल्या दोन-तीन आत्ताच विंडोजवरच्या लिबरऑफिसमध्ये उघडून बघा. ते मोफत आहे आणि निकाल पाच मिनिटांत कळतो.

खेळांचं म्हणाल, तर खेळ विकणाऱ्या स्टीमच्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे २०१८पासून विंडोजचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालू लागले आहेत. फसवेगिरी रोखण्यासाठी सिस्टीमच्या पार आत जाऊन बसणारं सॉफ्टवेअर वापरणारे काही ऑनलाइन खेळ मात्र चालत नाहीत. चित्रपट-मालिकांच्या काही सेवा लिनक्सवरच्या ब्राउझरला कमी रिझोल्यूशनचं चित्र देतात. यंत्र कितीही ताकदवान घेतलं तरी हे बदलत नाही, म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

यादीत विंडोजशिवाय न होणारं एखादं काम निघालंच, तर ते घरातल्या जुन्या लॅपटॉपवर राहू द्या. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी ठेवणं शक्य असतं, पण स्वस्तातल्या घरगुती मशीनसाठी मला ते पटत नाही. लहान डिस्कची वाटणी होते, दोन्हींची अपडेट्स सांभाळावी लागतात, आणि शेवटी घरातली माणसं सवयीने एकीकडेच जातात.

आणि हो, खरेदीला निघण्याआधी घरात पडून असलेल्या डेस्कटॉपकडेही एक नजर टाका. तो २०१५च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा असेल, तर एक एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम घालून तोच हा लेख वाचायचा त्रास वाचवेल.

कुठल्या जातीचं मशीन घ्यायचं

माझ्या मते पहिली पसंती ऑफिसांतून निवृत्त झालेल्या मशीनना द्यावी: डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं एलिटडेस्क किंवा प्रोडेस्क, लेनोव्होचं थिंकसेंटर. ही मशीन वर्षानुवर्षं रोज आठ-दहा तास चालावीत अशा बेताने बनवलेली असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात, आणि आतले घटक सहसा इंटेलचे असल्यामुळे लिनक्स त्यांना लगेच ओळखतं. डेस्कटॉपवर लिनक्स चालवणाऱ्यांमध्ये ही मशीन भरपूर वापरली जातात, त्यामुळे काही अडलंच तर उत्तर कुणीतरी आधीच शोधून ठेवलेलं असतं.

ती साधारण तीन आकारांत येतात. टॉवर मोठा, पण भाग बदलायला सोपा. त्याहून बारीक, आडवं ठेवता येणारं ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’. आणि सुमारे एक लिटर आकारमानाचं, मॉनिटरच्या मागे स्क्रूने लावता येणारं छोटं मशीन, ज्याला डेल ‘मायक्रो’, एचपी ‘मिनी’ आणि लेनोव्हो ‘टायनी’ म्हणतं. घरासाठी हे तिसरं मला सगळ्यांत आवडतं. बहुधा त्यात ३५ वॉटचा प्रोसेसर असतो, रिकामं बसलेलं असताना ते साधारण १० ते १५ वॉट खातं आणि आवाज जवळजवळ करत नाही. तोटे दोन. ग्राफिक्स कार्ड बसत नाही, ज्याची आपल्याला गरजही नाही. आणि वीज बाहेरच्या अडॅप्टरवर येते. तो अडॅप्टर मशीनबरोबरचा मूळचाच हवा. काही कंपन्यांची मशीन अडॅप्टर ओळखतात, आणि परका लावला तर प्रोसेसर मुद्दाम मंद चालवतात. ‘मशीन फार स्लो आहे’ या तक्रारीचं मूळ कधीकधी या वायरीत निघतं.

मॉडेलच्या नावावरून पिढी ओळखता येते, आणि हे दुकानात फार उपयोगी पडतं. ऑप्टिप्लेक्समध्ये ७०४० म्हणजे ६वी पिढी, ७०५० म्हणजे बहुधा ७वी, ७०६० म्हणजे ८वी. एचपी ८००मध्ये जी२ म्हणजे ६वी, जी३ म्हणजे बहुधा ७वी, जी४ म्हणजे ८वी. थिंकसेंटरमध्ये एम९०० म्हणजे ६वी, एम७१० आणि एम९१० म्हणजे ६वी किंवा ७वी, एम७२० आणि एम९२० म्हणजे ८वी किंवा ९वी. जिथे दोन पिढ्यांची शक्यता आहे तिथे प्रोसेसरचा क्रमांक बघूनच खात्री करा.

दुसरा मार्ग म्हणजे इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचं नवं मिनी पीसी. हा प्रोसेसर २०२३मध्ये आला. चार कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग), ६ वॉटचा, आणि नव्या पद्धतीचे व्हिडिओ सहज उलगडणारा. ब्राउझर, व्हिडिओ, कागदपत्रं यांना तो पुरतो, वॉरंटीही नवी मिळते. पण हे छोटे डबे कित्येक अपरिचित नावांनी विकले जातात. त्यांचा बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) पुढे कधी अपडेट होईल याची खात्री नसते, आणि आतली एसएसडी व वाय-फाय कार्ड कुठलं निघेल हे त्या त्या खेपेवर अवलंबून असतं. शिवाय काहींमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. रॅमसाठी खाच आहे का, एवढं घेण्याआधी विचारा.

तिसरा मार्ग म्हणजे ओळखीच्या कंपनीचं नवं मशीन, पण विंडोजशिवाय. अशा मशीनच्या वर्णनात ‘डॉस’, ‘फ्रीडॉस’ किंवा ‘उबंटू’ असं लिहिलेलं असतं. विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचतात. त्यावर आधीपासून घातलेलं लिनक्स कधीकधी जुन्या आवृत्तीचं असतं, ते पुसून नवं घालायचं. एवढंच.

रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या चिमुकल्या संगणकाबद्दल लोक हमखास विचारतात. शिकायला, प्रयोगांना तो उत्तमच. पण घराचा मुख्य डेस्कटॉप म्हणून मी तो सुचवणार नाही. पाय ५ वेगवान आहे, तरी अडॅप्टर, केस, पंखा, स्टोरेज हे सगळं जोडता जोडता खर्च वापरलेल्या ऑफिस मशीनच्या जवळ जातो. प्रोसेसर एआरएम जातीचा असल्यामुळे लिनक्ससाठी बनवलेले काही प्रोग्रामही त्यावर मिळत नाहीत.

एका प्रकारापासून मात्र दूर राहा. ‘नवा असेंबल्ड पीसी’ म्हणून चकचकीत, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट दाखवतात, आणि आत एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा अनोळखी बोर्ड असतो. त्यावर बसतात ते २ऱ्या ते ४थ्या पिढीचे, म्हणजे २०११ ते २०१४च्या सुमाराचे प्रोसेसर. बोर्ड नवा छापलेला असतो, पण तंत्र तेव्हाचंच. जोडीला स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. ही खरेदी जुन्या ऑप्टिप्लेक्सपेक्षा महाग आणि त्याच्यापेक्षा वाईट पडते.

आय७ लिहिलंय, पण कुठलं आय७?

जाहिरातीत ‘आय७, १६ जीबी, १ टीबी’ एवढंच लिहिलेलं असेल तर समजा की जे लिहायचं होतं ते मुद्दाम गाळलंय. गाळलेली गोष्ट म्हणजे पिढी. इंटेलच्या क्रमांकात ती अशी बघा: आय५-६५०० मध्ये पहिला ६ म्हणजे ६वी पिढी, आय५-८५०० मध्ये ८वी. १०व्या पिढीपासून पुढे पहिले दोन आकडे बघायचे, जसं आय३-१०१०० म्हणजे १०वी.

२०११चा आय७-२६०० आणि २०१७ अखेरचा आय३-८१०० समोरासमोर ठेवले तर नावाने आय७ मोठा वाटतो. दोघांनाही चारच कोअर. पण आय३-८१०० प्रत्येक कोअरमागे अधिक काम उरकतो, ९५ऐवजी ६५ वॉटच्या वर्गात बसतो, आणि व्हिडिओच्या बाबतीत तर तुलनाच नाही. ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघताना तो उलगडण्याचं काम प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग करू शकला तर मशीन थंड राहतं. नाहीतर तेच काम मुख्य कोअर घाम गाळत करतात, पंखा ओरडू लागतो आणि चित्र अडखळतं. इंटेलमध्ये ७व्या पिढीपासून व्हीपी९ या पद्धतीचे व्हिडिओ हार्डवेअरमध्ये नीट उलगडतात. एव्ही१ ही नवी पद्धत डेस्कटॉपवर ११व्या पिढीपासून जमते, आणि एन१००लाही जमते.

म्हणून माझा हिशेब असा: ८व्या पिढीचा आय३ किंवा आय५ मिळाला तर डोळे झाकून घ्या, कारण या पिढीत आय५चे कोअर चारवरून सहा झाले. ७वी पिढी घरकामाला छान पुरते. ६वी बरीच स्वस्त मिळत असेल तरच. ४थी आणि त्याआधीची फुकट मिळाली तर घ्या, विकत नको. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी टी असेल तर तो ३५ वॉटचा, थोडा सावकाश, पण थंड. एफ असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं, म्हणजे वेगळं कार्ड लागणार, तो टाळा.

एएमडीचं रायझनही चांगलं. त्यात ७००० मालिकेच्या आधीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये क्रमांकाच्या शेवटी जी असेल तरच ग्राफिक्स असतं, जसं ३२००जी. बाकी इंटेल आणि एएमडी दोघांचे ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतात, वेगळं काही घालावं लागत नाही. मशीनमध्ये एनव्हिडियाचं जुनं कार्ड ‘फुकट’ देत असतील तर नम्रपणे काढून ठेवायला सांगा. जुन्या कार्डांचे ड्रायव्हर कंपनी हळूहळू बंद करते, आणि घरकामाला त्या कार्डाचा उपयोग वीज खाण्यापलीकडे नसतो.

रॅम आणि डिस्क

८ जीबी रॅम ही आजची खालची मर्यादा समजा. ४ जीबीवर लिनक्स चालतं, पण ब्राउझरची दहा पानं उघडली की डिस्कवर ताण येऊन सगळं थबकतं. घरात दोन-तीन माणसं आपापली खाती उघडी ठेवून मशीन वापरणार असतील तर १६ जीबी घ्या. रॅम नंतरही वाढवता येते, म्हणून विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ८ जीबी एका पट्टीत आहे की ४-४च्या दोन? एक पट्टी असेल तर दुसरी खाच मोकळी राहते. छोट्या मशीनमध्ये लॅपटॉपची आखूड पट्टी लागते, टॉवरमध्ये लांब. ६व्या पिढीच्या काही मशीनमध्ये डीडीआर४ऐवजी डीडीआर३एल असते, तेव्हा जास्तीची पट्टी आणण्याआधी आतली बघून घ्या.

डिस्कच्या बाबतीत तडजोड नको. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेलं मशीन कितीही चांगलं असलं तरी सुस्त वाटतं. एसएसडी घातल्यावर तेच मशीन ओळखू येत नाही. घरकामाला २५६ जीबी पुरते. फोटो-व्हिडिओ खूप असतील तर ५०० जीबी, किंवा त्यांच्यासाठी जुनी हार्ड डिस्क दुसरी म्हणून ठेवा. एनव्हीएमई या नव्या जोडणीची एसएसडी साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीपेक्षा कागदावर कितीतरी वेगवान असते, पण ब्राउझर वापरताना दोन्हींतला फरक जाणवत नाही. फक्त एम.२ची खाच (बोर्डावर एसएसडीची पट्टी बसते ती) कोणत्या प्रकारची आहे ते बघा. काही खाचा फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई. एकच आग्रह धरेन: एसएसडी ओळखीच्या कंपनीची असू द्या. विकणाऱ्याने अनोळखी नावाची घातली असेल तर ती नको म्हणून किंमत कमी करून घ्या आणि स्वतःची घाला.

मागची पोर्ट आणि मॉनिटर

ऑफिसच्या मशीनना मागे सहसा डिस्प्लेपोर्ट असतं, एचडीएमआय असेलच असं नाही. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय मॉनिटरला जोडणारी साधी वायर यांवर बहुधा चालते. उलट दिशेने, म्हणजे मशीनच्या एचडीएमआयवरून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला, तशी साधी वायर चालत नाही. दुकानात हे सांगणारे फार थोडे असतात. ४के मॉनिटर लावायचा असेल तर या पिढ्यांच्या मशीनवर डिस्प्लेपोर्टच वापरा, कारण त्यांचं एचडीएमआय बहुधा ४केला सेकंदाला ३० चित्रांवर थांबतं आणि माऊस ओढल्यासारखा वाटतो.

मशीनवर वाचवलेले पैसे मॉनिटरवर घाला, असं मी म्हणेन. २२ ते २४ इंची, १९२० बाय १०८० रिझोल्यूशनचा आयपीएस मॉनिटर हा डोळ्यांसाठीचा खर्च आहे, आणि तो पुढच्या मशीनलाही चालेल. मशीनबरोबर १३६६ बाय ७६८चा जुना मॉनिटर ‘सेट’ म्हणून गळ्यात मारत असतील तर तो वगळून भाव विचारा.

वाय-फाय आणि प्रिंटर

ऑफिसची पुष्कळ मशीन तारेच्या नेटवर्कवर चालायची, म्हणून त्यांत वाय-फाय नसतंच. राउटर जवळ असेल तर तार ओढा, तिच्याइतकं भरवशाचं काही नाही. वाय-फाय हवंच असेल तर छोट्या मशीनमध्ये आतल्या खाचेत इंटेलचं कार्ड आणि अँटेना बसवून घ्या. स्वस्त यूएसबी वाय-फायच्या वाटेला जाताना जपून, कारण खोक्यावर एकच नाव असूनही आतली चिप बदललेली असू शकते, आणि काही चिपना लिनक्समध्ये ड्रायव्हर हाताने घालावा लागतो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पुढच्या अपडेटनंतर तो पुन्हा रुसतो. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांचीही अशीच थोडी कटकट असते.

गेल्या काही वर्षांतले नेटवर्कवर चालणारे, एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर सांभाळणारे प्रिंटर लिनक्सला ड्रायव्हरशिवाय सापडतात. एचपीच्या बहुसंख्य प्रिंटरसाठी एचपीलिप हा संच आहे. जुने, फक्त यूएसबीवर चालणारे काही लेझर प्रिंटर मात्र अडून बसतात. घरातल्या प्रिंटरचं मॉडेल आधीच शोधून ठेवा.

पैसे देण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा

लिनक्स मशीनवर न घालताही पेन ड्राइव्हवरून चालवता येतं. ही सोय खरेदीसाठी सोन्यासारखी आहे, कारण विकणाऱ्याच्या शब्दाऐवजी मशीन स्वतःच उत्तर देतं.

८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. मिंट किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (सगळी सिस्टीम सामावलेली एकच फाइल) उतरवा आणि विंडोजवर रुफस या प्रोग्रामने किंवा कुठल्याही सिस्टीमवर बलेना एचरने ती पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी करून चालत नाही, आणि पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मशीन चालू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहिलं की कुठून सुरू करायचं ते विचारणारी यादी येते. त्याऐवजी मशीन बायोसचा पासवर्ड मागू लागलं, तर तिथेच थांबा. कंपनीने घातलेला पासवर्ड विकणाऱ्याने काढून दिल्याशिवाय ते मशीन घेऊ नये. ऑफिसच्या मशीनमध्ये तो काढणं नेहमीच सोपं नसतं.

बायोसमध्ये शिरलाच आहात तर तारीख-वेळ बघा. ती कित्येक वर्षं मागे असेल तर बोर्डावरची सीआर२०३२ची बटणासारखी बॅटरी संपलीय. बदलायला किरकोळ, घासाघीस करायला चांगलं कारण.

लिनक्स सुरू झाल्यावर ‘सिस्टीमची माहिती’ उघडा. प्रोसेसर आणि रॅम सांगितली तीच आहे का? मग ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडून डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे तिने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, बघा: डिस्क किती तास चालली आहे आणि ‘रीअलोकेटेड सेक्टर’चा आकडा शून्य आहे का. तास जास्त असणं चालतं. सेक्टर खराब झालेले असणं नाही.

आता वाय-फाय जोडा, ब्राउझर उघडा आणि १०८०पीचा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. त्या वेळात प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये माऊस घालून बघा, पुढच्या जॅकला हेडफोन लावा, पंख्याचा आवाज ऐका. घरघर किंवा कर्कश आवाज असेल तर आत धूळ आहे किंवा प्रोसेसरवरची पेस्ट वाळलीय. ही दुरुस्ती होण्यासारखी आहे, पण ती विकणाऱ्याने करून द्यावी. शेवटी मशीन झोपवा आणि मिनिटभराने उठवा. पडदा परत आला, वाय-फाय परत जुळलं, तर घरच्या वापरातला सगळ्यांत वैतागवाणा प्रश्न आधीच सुटला.

ऑनलाइन घेत असाल तर हे सगळं समोर करता येणार नाही. मग परत करण्याची मुदत किती आणि परतीचा खर्च कोणाचा, हे लेखी असल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे एका ठिकाणी तपासून, भाग बदलून, वॉरंटी दिलेलं मशीन, तर दुसरीकडे नुसतं फडक्याने पुसलेलं. वॉरंटी किती महिन्यांची यावरून दोन्हींतला फरक कळतो.

कुठलं लिनक्स घालायचं

यावर लोक तावातावाने भांडतात. आपल्याला त्यात पडायचं नाही. विंडोजची सवय असेल तर लिनक्स मिंट घ्या. मेन्यू डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी, अपडेट सांगणारी निमूट ढाल. मिंट २२ ही आवृत्ती २०२४ची असून २०२९पर्यंत सांभाळली जाणार आहे. ८ जीबी असेल तर तिचा सिनामन हा डेस्कटॉप घ्या, ४ जीबीवर अडकला असाल तर एक्सएफसीई. उबंटू घ्यायचं तर एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती, जी सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. डेबियन भक्कम आहे, पण पहिल्यांदाच लिनक्सकडे येणाऱ्याला मिंट सोपं जाईल. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते, त्यामुळे घरच्या, कुणी फारसं लक्ष न देणाऱ्या मशीनवर मी ती घालणार नाही.

घालताना आणि घातल्यावर

पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या मिंटमध्ये पडद्यावरच ‘इन्स्टॉल’चं चिन्ह असतं. इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नसेल, तर घाबरू नका. ऑफिसच्या काही मशीनमध्ये बायोसमध्ये डिस्कची पद्धत ‘रेड’वर ठेवलेली असते, ती ‘एएचसीआय’ केली की डिस्क समोर येते. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी बायोसची सोय) बंद करायची गरज सहसा पडत नाही, मिंट, उबंटू, डेबियन, फेडोरा चारही त्याच्यासह चालतात. ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडण्याआधी जुन्या मशीनवरचं काही ठेवायचं नाही ना, एवढं पुन्हा विचारा. मल्टिमीडिया कोडेक घालण्याच्या चौकटीत खूण करा, म्हणजे गाणी-व्हिडिओ लगेच चालतील.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर सगळी अपडेट्स घ्या आणि एकदा रीस्टार्ट करा. डेल, लेनोव्हो आणि एचपीच्या अनेक व्यावसायिक मॉडेलांचा बायोसही लिनक्समधूनच अपडेट होतो; त्यासाठी विंडोज परत घालायला लागत नाही. मग टाइमशिफ्ट चालू करा. एखाद्या अपडेटने बिघाड झालाच तर त्याने सिस्टीम कालच्या अवस्थेत परत नेता येते. पण नीट लक्षात घ्या, टाइमशिफ्ट मुळात सिस्टीम सांभाळतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं नाही. त्यांच्यासाठी बाहेरची डिस्क हवीच.

मराठी टंकलेखनाची सोय लिनक्समध्ये आधीपासून असते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसार चालणारा ‘कगप’ असे दोन्ही पर्याय दिसतात. दोन भाषांत अदलाबदल करायला एक कळजोडी ठरवून द्या आणि ती घरातल्या सगळ्यांना दाखवा. नाहीतर ‘कीबोर्ड बिघडला’ अशी हाक पहिल्याच दिवशी येते. देवनागरीचे फॉन्ट असतात; पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेल्या फाइली असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि प्रशासकाचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवा. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, शिकल्याशिवाय लिनक्स वापरता येत नाही ही जुनी भीती आहे. मिंटवर घरकामासाठी ती खिडकी उघडावीच लागत नाही.

परत करण्याची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी उरकून घ्या. प्रिंटरवर एक पान छापा आणि एक पान स्कॅन करा. कॅमेरा लावून कुणालातरी व्हिडिओ कॉल करा आणि समोरच्याला आवाज नीट येतोय का ते विचारा. आणि एका रात्री मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालू ठेवून झोपा; ६व्या आवृत्तीपासून तो यूईएफआय या नव्या पद्धतीच्या बायोसवरही चालतो. सकाळी पडद्यावर एकही चूक दिसली, तर एकेक पट्टी काढून पुन्हा चालवा. चुका एकाच पट्टीबरोबर येत असतील तर ती पट्टी बदलून मागा, कुठलीही पट्टी लावली तरी येत असतील तर मशीन परत करा.